तिकीट काढण्याआधी सीट बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात विमानाची बातमी येते ती बहुधा सांबऱ्याच्या विमानतळावरून कुठलं विमान सुरू झालं नि कुठलं बंद पडलं याची. ती हवीच. पण सांबऱ्याच्या पुढचा जो प्रवास आहे, अमेरिकेला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आईवडिलांचा, त्याबद्दल कुठं काही वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र. विषय एवढाच आहे की लांबच्या विमानात साध्या वर्गाचं तिकीट काढताना सीट कुठली घ्यावी. कुणाला तो किरकोळ वाटेल. माझ्या घरात त्याची किंमत मोजून झाली आहे.

मी शहापुरात एकतीस वर्षं शिवणकाम करते. माझा धंदा इंचांचा. आमच्याकडं ‘सीट’ हे मापाचंच नाव आहे, बसायच्या भागाच्या घेराचं. मापाच्या वहीत छाती, कंबर, सीट असं ओळीनं लिहिलं जातं, आणि सीटचं माप अर्ध्या इंचानं चुकलं तर चुडीदार बसताना उसवतो. त्यामुळं टेप माझ्या पर्समध्ये कायम असते, विमानातही होती.

आपल्या बेळगावच्या माणसाला सीट निवडता येत नाही असं नाही. मुंबईला रात्रीच्या स्लीपर गाडीनं जायचं तर आपण किती चौकशी करतो बघा. खालची पाहिजे, सिंगल बाजूची पाहिजे, चाकावरची नको, शेवटची तर अजिबात नको, गाडी आदळली की पाठ जाते. रेल्वेत तर वयाचा विचार आपोआप होतो. पुरुष साठीच्या पुढचा आणि बाई पंचेचाळीसच्या पुढची असेल तर, शिल्लक असेल तोवर, न मागताही खालचा बर्थ मिळतो. दहा-बारा तासांच्या प्रवासाला आपण एवढं बघतो. आणि सोळा तासांच्या विमानाला? ‘मिळेल ती सीट’ म्हणून गप्प बसतो.

आम्हीही तेच केलं. २०२२ साली लेकीच्या बाळंतपणाला ह्यूस्टनला निघालो. मुंबईहून आखातातलं एक विमानतळ, तिथं काही तास, आणि पुढं एका दमात सोळा तास. तिकीट गावातल्याच एका ऑफिसात काढलं. मी विचारलं होतं, शेजारीशेजारी सीट मिळतील ना? तिथला मुलगा म्हणाला, “काकू, सीटचं काय एवढं, काउंटरवर देतात की. विमान तर एकच आहे.” मुलगा वाईट नव्हता. त्यालाच माहीत नव्हतं.

काउंटरवर मला मिळाली ३८ ई, यांना ४५ बी. ई म्हणजे मधल्या चार खुर्च्यांतली आतली, बी म्हणजे कडेच्या तिघांतली मधली. आमच्यात सात रांगांचं अंतर. हे सदुसष्ट वर्षांचे, सगळी उमर उद्यमबागेत फाउंड्रीत उभं राहून गेलेली, पायाच्या शिरा फुगलेल्या, त्यात साखर. दर दीड-दोन तासांनी यांना उठावं लागतं. शेजारचा माणूस तोंडावर पट्टी बांधून झोपलेला. यांनी दोनदा त्याला उठवलं, तिसऱ्यांदा संकोच वाटला. मग यांनी काय केलं, तर पाणी पिणंच बंद केलं. हे मला ह्यूस्टनला उतरल्यावर कळलं. तोवर पावलं इतकी सुजली होती की चपलेचा पट्टा लागेना. पायाला बोट लावलं तर खळगा तसाच राहत होता. जावयानं दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं नेलं. रक्ताची गाठ नाही हे तपासून कळेपर्यंत लेक, भरल्या दिवसांची, खुर्चीत बसून होती. ते दोन तास मी विसरणार नाही.

त्यानंतर लेकीकडं चार महिने होते. बाळ झोपलं की जावयाच्या लॅपटॉपवर मी हाच अभ्यास केला. मराठीत फारसं काही सापडलं नाही, इंग्रजी जावयाकडून समजून घेतलं. आणि परतताना टेप काढून मोजलं.

आमचं जाण्यायेण्याचं विमान बोइंग ७७७-३०० ईआर होतं. त्यात बहुतेक कंपन्या आता आडव्या रांगेत दहा खुर्च्या बसवतात, तीन, चार, तीन अशा. पूर्वी त्याच विमानात नऊ असायच्या. विमान रुंद झालं नाही, एक खुर्ची वाढली. खुर्चीच्या दोन हातांच्या मधली जागा मी मोजली, सतरा इंच. आता धंद्यातलं सांगते. माझ्यासारखी बेचाळीस सीटची बाई सतरा इंचांत बसते, घासून का होईना. अडचण कंबरेला नाही, खांद्याला आहे. मध्यम अंगाच्या पुरुषाच्या शर्टाचं शोल्डर अठरा इंच निघतं, त्यात दोन्ही दंडांची जाडी वेगळी. एवढा माणूस सतरा इंचांत मावतच नाही. कडेचा माणूस खांदा वाटेकडं काढतो, खिडकीचा भिंतीकडं टेकतो. मधल्याला दोन्ही बाजू बंद. तो सोळा तास खांदे आवळून बसतो आणि उतरताना मान धरलेली असते.

एअरबस ए३५० मध्ये नऊ खुर्च्या असतील तर रुंदी अठरा इंचांच्या आसपास येते. ए३३० मध्ये दोन, चार, दोन अशी रचना असते, तीही साधारण तेवढीच रुंद. बोइंग ७८७ मध्ये तीन-तीन-तीन, पण ते विमानच थोडं अरुंद, म्हणून तिथं पुन्हा सतराच्या जवळ. एक इंचानं काय होतं असं मला कुणी म्हणू नये. एका इंचात ब्लाउज होतो किंवा होत नाही.

मात्र ७८७ आणि ए३५० या नव्या विमानांची दुसरी एक गोष्ट चांगली आहे. उडताना आतल्या हवेचा दाब जुन्या विमानांत साधारण आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, म्हणजे उटीपेक्षाही थोडं वर. या नव्यांत तो सहा हजार फुटांइतका ठेवतात आणि हवाही जरा कमी कोरडी असते. बेळगावच मुळात अडीच हजार फुटांवर आहे, म्हणून आपल्याला उंचीचं काही वाटत नाही. पण दम लागणाऱ्या, डोकं दुखणाऱ्या माणसाला हा फरक जाणवतो. यांना जाणवला.

पायाकडचं अंतर म्हणजे एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचं माप. साध्या वर्गात ते एकतीस-बत्तीस इंच असतं. त्यातून खुर्चीची जाडी वजा करायची, मग गुडघ्याला काय उरतं ते कळतं. शिवाय काही सीटखाली टीव्हीच्या वायरींची लोखंडी पेटी असते. माझ्या ३८ ई च्या पुढं ती होती. डावा पाय सरळ जायचा, उजवा जायचा नाही. खुर्च्यांच्या नकाशावर ही पेटी काही ठिकाणी दाखवलेली असते. एरोलोपा नावाच्या संकेतस्थळावर कंपनीनुसार आणि विमानानुसार नकाशे आहेत. खिडकीच्या सीटला खिडकीच नाही, असंही कुठं कुठं असतं. तेही तिथं दिसतं.

सगळे सांगतात, आणीबाणीच्या दाराजवळची सीट घ्या, पाय लांब करता येतात. तरुणांनी जरूर घ्यावी. आपल्या वयाला ती नाही. प्रसंग पडला तर दार उघडायला आणि लोकांना बाहेर काढायला मदत करू शकेल अशाच माणसाला ती देतात. गुडघे धरलेले, चालायला आधार लागणारे, लहान मूल बरोबर असलेले, गरोदर बायका, यांना देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. तिथं ताट ठेवायची फळी खुर्चीच्या हातातून निघते, त्यामुळं हात जाड असतो, वर उचलता येत नाही, बसायची जागाही कमी होते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत. आमच्या पिशवीत यांच्या गोळ्या होत्या आणि लेकीसाठी कुंद्याचा डबा होता, ती वर टाकून चाललं नसतं. दाराजवळ गारठाही फार.

भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेचंही तसंच. पुढं कुणी मागं रेलत नाही हे खरं, पण पाय पुढच्या खुर्चीखाली सरकवता येत नाहीत, आणि बाळांचा पाळणा त्याच भिंतीला लावतात. लेक बाळाला घेऊन आली तेव्हा तिच्यासाठी हीच रांग मागितली. त्यासाठी कंपनीला आधी फोन करावा लागतो आणि बाळाच्या वजनाची मर्यादा असते. तान्हं मूल घेऊन निघालेल्या मुलीला हीच सीट. आजी-आजोबा दोघंच असतील तर सोडून द्यावी.

आता जे आम्हाला खरोखर उपयोगी पडलं ते सांगते. २०२४ साली पुन्हा जायचं ठरलं तेव्हा मी दुकानातल्या खाकी कागदावर खडूनं अख्ख्या विमानाचा आराखडा काढला. यांना वाटेकडची सीट हवी, त्यात तडजोड नाही. मी यांच्या शेजारी हवी. आणि तिसऱ्या परक्या माणसाला आमच्यावरून ओलांडून जावं लागू नये. पहिल्या दोन गोष्टी सगळेच बघतात. तिसरी कुणी बघत नाही, आणि झोप त्यावरच असते. कडेच्या तिघांत वाटेवर बसलं तर आतले दोघं तुम्हाला दर वेळी उठवतात. मधल्या गटात तसं नाही, कारण त्याला दोन्हीकडं वाट आहे. तीन-तीन-तीनच्या विमानात मधल्या तिघांतली कडेची आणि तिच्या लगतची अशा दोन घेतल्या, तर तिसरा माणूस आपल्या बाजूनं उठतो. चौघांच्या गटात एका कडेला आपण दोघं, दुसऱ्या कडेला दुसरं जोडपं. खिडकी मिळत नाही. सोळा तासांत खिडकीतून बघायला सुरुवातीला एक तास आणि शेवटी एक तास, मधे अंधारच असतो.

७७७ मध्ये आणखी एक जागा आहे. विमान शेपटीकडं निमुळतं होतं, तिथं कडेला तीन खुर्च्या बसत नाहीत, म्हणून शेवटच्या काही रांगांत दोनच असतात. आम्ही जाताना त्या घेतल्या. मी खिडकीकडं, हे वाटेकडं. माझ्या खुर्चीच्या आणि भिंतीच्या मधे एवढी फट होती की पर्स, शाल आणि पाण्याची बाटली उभी राहिली. हे रात्रभरात सहा वेळा उठले, मला फक्त गुडघे सरकवावे लागले, तेही नाही कधी कधी. पण खोटं सांगणार नाही, तिथं त्रासही आहे. हवेचे धक्के शेपटीला सगळ्यात जास्त लागतात, बसच्या शेवटच्या सीटसारखंच. ज्यांना मळमळतं त्यांनी पंखाजवळची रांग घ्यावी, तिथं विमान कमी हलतं. मागं इंजिनाचा आवाज मोठा, संडासाची दारं वाजतात, आणि जेवणाची गाडी पोचेपर्यंत शाकाहारी संपलेलं असतं, म्हणून ते आधीच नोंदवून ठेवायचं. अगदी शेवटची रांग घेऊ नये, ती बहुतेक ठिकाणी मागं रेलत नाही. आणीबाणीच्या दाराच्या लगेच पुढची रांगही रेलत नाही, तीही टाळावी.

येताना ए३५० मिळालं. मधल्या तिघांतल्या दोन सीट घेतल्या. टेप लावली, अठराला दोन दोरे, म्हणजे पाव इंच, कमी. वाटेकडच्या हाताच्या खाली, बिजागरीजवळ, बोट घालून चाचपलं तर एक छोटी कळ लागते. ती दाबली की बाहेरचा हात वर उचलता येतो. सगळ्या सीटना ती नसते, आमच्या होती. यांना गुडघा न दुमडता वाटेकडं वळून उठता आलं. हे मला हवाईसुंदरीनं दाखवलं. तिनं आधी यांचे पाय बघितले आणि मग न विचारता खाली वाकून कळ दाबली.

सीटचे पैसे वेगळे पडले. जाण्याचे दोघांचे मिळून साडेसहा हजार. माझे अठरा ब्लाउज. मी ते दिवाळीच्या गर्दीत जास्तीचे शिवले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पण ज्यांना शक्य नाही त्यांनीही सोडून देऊ नये. विमान सुटण्याआधी अठ्ठेचाळीस किंवा चोवीस तास ऑनलाइन चेक-इन उघडतं. त्या मिनिटाला मोबाईल हातात पाहिजे, मग उरलेल्यांतली बरी सीट फुकट मिळू शकते. तिकिटावर विमानाचा प्रकार छोट्या अक्षरांत असतो, तो वाचायला शिकावं. ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३०० ईआर, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ७८९ म्हणजे ७८७-९. कंपनी विमान बदलते, आणि विमान बदललं की घेतलेली सीटही हलते. म्हणून आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा उघडून बघावं.

पायांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं ते लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली सांगितलं होतं की चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला तर शिरेत रक्ताची गाठ होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. निरोगी माणसाला ती तरीही थोडी, सहा हजारांत एक. घाबरून जाऊ नये. पण शिरांचा त्रास असलेला, नुकतंच ऑपरेशन झालेला, फार जाड, आधी कधी गाठ झालेला, अशा माणसानं डॉक्टरला विचारूनच निघावं. त्याला वाटेकडची सीट ही चैन नाही. खिडकीत किंवा मधे बसलेला माणूस संकोचानं उठत नाही, पाणी पीत नाही, आणि रक्त पिंडरीत साठतं. डॉक्टरांनी यांना गुडघ्याखालचे घट्ट मोजे दिले. ते मापाचेच घ्यावे लागतात. घोट्याचा आणि पिंडरीचा घेर सकाळी उठल्याउठल्या मोजायचा, संध्याकाळी पाय सुजून माप चुकतं. आमच्या गल्लीत ज्यांना लागतात त्यांचं माप मी घेऊन देते, पैसे घेत नाही.

आता माझं मागणं. बेळगावात तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसांनी साठीच्या पुढचं गिऱ्हाईक आलं की पैसे घेण्याआधी संगणक त्याच्याकडं वळवून खुर्च्यांचा नकाशा दाखवावा आणि तीन प्रश्न विचारावेत. पायाचा त्रास आहे का, रात्री किती वेळा उठावं लागतं, बरोबर कोण आहे. पाच मिनिटांचं काम आहे. आणि सरकारकडं एक. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमान कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच तिकिटावर असतील तर, आईवडील किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारी बसवलंच पाहिजे. फार चांगलं केलं. तसंच सत्तरीच्या जोडप्याला वेगळं करू नये, आणि डॉक्टरची चिठ्ठी असेल तर वाटेकडच्या सीटचे पैसे घेऊ नयेत, एवढा नियम त्यात घालावा. इंग्रजी न येणारी, हिंदी तोडकी येणारी आपल्याकडची कितीतरी माणसं परक्या दोघांच्या मधे सोळा तास बसतात आणि ‘जरा उठता का’ एवढंही म्हणू शकत नाहीत. शेजारी आपलं माणूस असणं ही त्यांची गरज आहे. रेल्वेला जमतं ते विमानाला का जमू नये?

आपण पुरवणीत एकदा चारपाच विमानांचे खुर्च्यांचे नकाशे छापावेत, मराठीत नावं घालून. माझा खाकी कागदावरचा आराखडा हवा असेल तर मी आणून देईन. सध्या तो वडगावच्या एका जोडप्याकडं आहे. त्यांना जानेवारीत नातवाला बघायला टोरांटोला जायचंय. काकांचा गुडघा बदललेला आहे. तिकीट अजून काढलेलं नाही. सोमवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.

आपली,
शहापूर, बेळगाव येथील एक शिवणकाम करणारी वाचक